लाल कार्ड कोणाचं?

१

करिश्मा मडावीचं लाल कार्ड मस्कतला पोचलं ते सोमवारी, आणि बुधवारी तिचं ऑपरेशन थांबलं.

कार्ड म्हणजे कार्डाचा नुसता फोटो. पाठवणाऱ्याने आपलं नाव सांगितलं नव्हतं, वर एक अक्षरही लिहिलं नव्हतं. तशी गरजही नव्हती. गडचिरोली-चंद्रपूरकडे लाल कार्ड म्हणजे काय हे शाळकरी पोरही सांगेल. रक्त तपासतात, सिकलसेलचा आजारच निघाला तर लाल कार्ड, आणि दोष अर्धाच असेल, स्वतःला काही त्रास नसेल, म्हणजे माणूस नुसता वाहक असेल, तर पिवळं. लग्न जुळवताना बाकी चौकशा मागाहून होतात, आधी कार्डं मांडतात. दोन्हीकडे दोष निघाला की पाहुणे चहा पिऊन उठतात.

करिश्मा सहा वर्षांपासून मस्कतच्या एका दवाखान्यात नर्स होती. नोव्हेंबरात तिथल्याच आवारात मागे येणाऱ्या एका गाडीने तिला उडवलं आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. दोन बाटल्या रक्त द्यावं लागलं. खुबा बदलायचा ठरला, विमा कंपनी खर्च द्यायला तयार झाली, आणि नेमका तेव्हा हा फोटो कंपनीकडे येऊन धडकला. कंपनी म्हणाली, हाड गाडीने कुठे मोडलं, ते आजाराने आधीच पोखरलेलं असणार. सिकलसेलमध्ये खुबे जातातच. बाईंनी आजार लपवून विमा घेतला, तेव्हा पैसे विसरा.

परदेशात नोकरी करणाऱ्या माणसाचा विमा गेला की त्याच्या पायाखालची जमीनच जाते. तिथे सरकारी दवाखाना त्याचा नसतो आणि ओळखीचा डॉक्टरही नसतो. ऑपरेशनला अठरा लाख लागणार होते. ते दहा दिवसांत झालं नाही तर करिश्मा जन्माची लंगडणार, आणि बारा तास उभं न राहू शकणाऱ्या नर्सला कोण ठेवून घेईल? तिला विमानात बसवून देणार, एवढंच.

मग तिचंच रक्त का नाही तपासत, असं कोणीही विचारील. तपासलं होतं. वाहकाच्या रक्तात चांगला आणि दोषाचा असे दोन्ही अंश सापडतात, तसे ते सापडले. पण आजारी माणसाला दुसऱ्याचं रक्त चढवलं तर त्याच्यातही दोन्ही सापडतात. त्या दोन बाटल्यांनी सगळा घोळ करून ठेवला होता. खोलातली तपासणी परदेशी पाठवायची तर महिना लागणार.

म्हणून कंपनीने नागपूरच्या एजन्सीला कळवलं आणि एजन्सीने चंद्रपूरच्या रंजीता गेडामला. विम्याचे दावे खरे की खोटे हे गावोगाव फिरून शोधायचं, हे रंजीताचं काम. पाच दिवसांची मुदत मिळाली.

रंजीताने हो म्हटलं, पण एक गोष्ट सांगितली नाही. करिश्मा आणि ती नर्सिंगला एकाच खोलीत राहिल्या होत्या. मस्कतची मुलाखत द्यायला नागपूरला दोघी एकाच बसने गेल्या होत्या. येताना करिश्माच्या हातात पत्र होतं आणि रंजीताच्या हातात संत्र्यांची पिशवी. तेव्हापासून सहा वर्षं ती करिश्माचे समुद्राकाठचे फोटो बघत आली होती आणि दर फोटोला, सरळच सांगायचं तर, तिच्या पोटात दुखत आलं होतं.

लाल कार्डाचा फोटो उघडल्यावर तिच्या मनात पहिलं काय आलं असेल? बरं झालं, असं आलं.

२

"रंजीता? तू?" फोनवर करिश्माचा आवाज खोल गेलेला होता.

"मीच. कंपनीनं पाठवलं," रंजीता म्हणाली. "खरं सांग, लाल हाय का पिवळं?"

"पिवळं. आपण शिकत होतो तवाच तपासलं होतं. वाहक म्हंजे आजारी नाई, हे तुले अन् मले एकाच बाईनं शिकवलं. म्हणून फॉर्मवर मी काहीच नाई लिवलं."

"कार्ड कुठी हाय?"

"घरी. पत्र्याच्या पेटीत. सृष्टीच्या जन्माच्या दाखल्यासंगं." सृष्टी म्हणजे तिची आठ वर्षांची मुलगी. तिला दोन वर्षांची ठेवून करिश्मा गेली होती. "रंजीता, मले इथून उठता येत नाई. जे हाय ते तूच बघ."

करिश्माच्या सासरचं गाव कोसमटोला, आरमोरीपासून ऑटोने तासभर आत. गाव जंगलाच्या कुशीत आणि धानाच्या बांध्यांच्या, म्हणजे भातखाचरांच्या, मधे. कापणी अर्ध्यावर आली होती. मडाव्यांच्या अंगणात पाऊल ठेवलं तेव्हा रंजीताने घर डोळ्यांनी मोजून घेतलं: तीन खोल्या, त्यातली एक नवी आणि टाइल्सची. मस्कतच्या पगाराची असणार, हे तिने विचारलं नाही. तरी तिला ती टाइल खुपली.

घरात चार मोठी माणसं. सासू सोनीबाई. थोरला मुलगा दसरू आणि त्याची बायको अन्नपूर्णा, ह्यांना मूल नाही. धाकटा रोशन, तो करिश्माचा नवरा. सृष्टी शाळेत गेली होती.

पत्र्याची पेटी उघडली. जन्माचा दाखला होता, घरपट्टी होती, करिश्माची दहावीची गुणपत्रिकाही होती. पिवळं कार्ड नव्हतं.

"होतं न, मी पाह्यलं होतं," रोशन पुन्हापुन्हा कागद चाळत म्हणाला. "कोनं घेतलं असन?"

"मस्कतले कार्डाचा फोटो कोणी पाठवला?" रंजीताने विचारलं.

कोणालाच ठाऊक नव्हतं. फोटो ज्या नंबरवरून गेला तो कंपनीने रंजीताला दिला होता. तिने अंगणात उभं राहून तो लावला. पण इथे रेंज कसली! फोन नुसता कण्हून बंद पडला.

"त्या सीताफळाखाली उभ्या राहा, मॅडम," दसरू म्हणाला. "आमच्या इथी तेवढ्याच जागी लागते."

ती सीताफळाखाली गेली. नंबर लागला. आणि तिच्या डोक्यावर, फांदीला बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, एक मोबाइल वाजायला लागला.

३

"तो माह्या मोबाइल हाय," रोशन म्हणाला.

पिशवी रोजचीच होती. घरात रेंज नाही म्हणून मोबाइल दिवसभर फांदीला टांगून ठेवायचा. करिश्माचा फोन आला की जो जवळ असेल तो धावायचा. शेतात जाताना तो भिजेल म्हणून रोशन बरोबर नेत नसे. कुलूप नाही, काही नाही. घरातल्या कोणीही हात वर करावा आणि घ्यावा.

"तुमचं अन् करिश्माचं बरं हाय न?" रंजीताने त्याला बाजूला घेऊन विचारलं.

रोशन कडू हसला. "बरं? लोक मले करिश्माचा रोशन म्हणतात, मॅडम. आरमोरीत चहा प्यायलो त टपरीवाला म्हणते, तुमची बाई पाठवते, पैसे काऊन देता? मले वाटते न, तिनं यावं वापस. जळतो मी. तुमच्यापाशी काऊन लपवू? पण पाय मोडून आणू काय तिले?"

एवढं सरळ बोलणारा माणूस रंजीताला आवडला नाही. तो खोटं बोलत असता तर तिचं काम सोपं झालं असतं.

"फोटो सोमवारी दहाले गेला, तवा घरी कोण होतं?"

"कापणी चालू हाय. सगळे बांधीत. माय घरी, पण तिले मोबाइल कुठून पकडावा ते समजत नाई. अन् वहिनी."

"वहिनी बांधीत नाई जात?"

"हिवाळ्यात नाई. थंडी सोसत नाई तिले."

अन्नपूर्णा चहा घेऊन आली. चाळिशीच्या आतली, बारीक चणीची बाई, दुपारच्या उन्हातही स्वेटर घातलेली. कप ठेवायला ती वाकली नाही. आधी खांबाला धरलं, मग हळूच बसली. जवळ पाण्याचा तांब्या होता, त्यातून मधूनमधून घोट घेत होती.

"करिश्माबाईचं नशीबच मोठं," ती म्हणाली. "पाय मोडला तरी साऱ्या गावाले काळजी. आम्ही इथी मेलो त शेजारीण विचारत नाई." तोंडात गोड शब्द घोळवल्यासारखं ती बोलली, पण रंजीताला त्यातली जळजळ चटकन कळली. ती स्वतः रोज तेच गिळत होती.

"ही मोठी बाई दर महिन्याले माहेरी पळते," सोनीबाईने तेवढ्यात आपलं गाऱ्हाणं मांडून घेतलं. "सिंदेवाहीकडे हाय तिचं माहेर. बारा वर्सं झाली, माहेर सुटत नाई. अन् लहानी त विमानातच राहते. मी सुनाच पाह्यल्या नाई म्हना न."

तिथून रंजीता आरोग्य उपकेंद्रात गेली. नीलाबाई तिथली परिचारिका. कोरी कार्डं तिच्याच कपाटात असायची, आणि करिश्मा मस्कतला जायच्या आधी ह्याच गावात तिच्या हाताखाली काम करत होती. हाताखालची परदेशी गेली आणि नीलाबाई अजून लसींची पेटी खांद्याला लावून फिरत होती.

"माह्याजवळ कोरे कार्ड हायत, म्हणून मीच काय?" नीलाबाईने पहिल्याच वाक्याला अंगावर घेतलं. "माह्या मनात नाई आलं असं नाई. माह्यं इंग्रजी तिच्यापेक्षा चांगलं होतं. पण मले काय करायचं होतं त मी असं फाटकं कार्ड पाठवलं असतं काय? दाखवा इकडं."

तिने फोटो मोठा करून बघितला आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. हुशार बाई होती.

"हे पाहा, मॅडम. चार घड्यांवर चिरलं हाय. कडा मऊ झाल्या. हे कार्ड कोणीतरी बारीक घडी करून वर्षानुवर्षं वागवते. बाकी शाई उडाली अन् नाव तेवढं ठसठशीत. वरून चिठ्ठी चिकटवून नाव लिवलं असन."

"म्हंजे कार्ड खरं हाय, नाव खोटं."

"असंच दिसते. खाली 'स्त्री' लिवलं हाय." नीलाबाईने रजिस्टर काढून बोट फिरवलं. "अन् माह्या गावात लाल कार्डवाले तीन. एक म्हातारा, दोन पोट्टे. बाई एकबी नाई."

रंजीताला जागच्या जागी उमजलं, की ती सकाळपासून चुकीचा प्रश्न विचारत होती. करिश्मावर कोण जळतं? सगळेच जळतात. विचारायला हवं होतं ते वेगळंच. ह्या गावात कुठली बाई आजारी आहे, जिची नोंद कुठेच नाही?

४

उत्तर तिला कळलं होतं. स्वेटर, तांब्या, खांबाला धरून बसणं, दर महिन्याचं माहेर. तिने नर्सिंग सोडलं असलं तरी ते शिकलेलं कुठे गेलं नव्हतं. थंडीने आणि पाणी कमी पडल्याने सिकलसेलच्या माणसाची हाडं अशी ठणकतात की तो भिंतीवर डोकं आपटतो.

पण कळणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. अन्नपूर्णा सरळ नाही म्हणाली तर? तिला रक्त द्यायला कोण भाग पाडणार? आणि ती आजारी निघाली तरी करिश्मा निरोगी आहे हे कुठे ठरतं? एका घरात दोन लाल कार्डं असू शकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा मडाव्यांकडे गेली. अन्नपूर्णा उन्हाला बसून सृष्टीची वेणी घालत होती. केस विंचरून, रिबिनी बांधून, दप्तर देऊन पोरीला शाळेत पिटाळलं, आणि ती वळणाआड होईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

"तुमच्यावर फार जीव दिसते पोरीचा," रंजीता म्हणाली.

"माह्यीच हाय ती." अन्नपूर्णा ताठ झाली. "जनमली त्यांच्या पोटी, पण सहा वर्सं कोनं केलं? गोवर निघाला तवा मी बसली. पहिला दात पडला तवा मी. ती वर्षातून वीस दिवस येते, चॉकलेट आनते, अन् पोट्टी आई आई करत तिच्या गळ्यात. तवा मले कोनी विचारत नाई." ती उठली, आत गेली आणि एक कागद घेऊन आली. "तुम्ही तपासणीवाल्या न? पाहा. शाळेत साऱ्या पोरांचं रक्त तपासलं. वर्गात कोनाचं काय निघालं, कोनाचं काय. माह्या पोरीचं काहीच नाई. एकदम निरोगी. मी जपली तिले."

शाळेचं आरोग्य कार्ड होतं. वजन, उंची, दात, डोळे. आणि खाली: सिकलसेल – निगेटिव्ह.

रंजीताने ती ओळ दोनदा वाचली.

हिशोब साधा होता, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा. लेकरू एक अंश आईकडून घेतं आणि एक बापाकडून. लाल कार्डवाल्या बाईकडे दोन्ही अंश दोषाचेच असतात. चांगला अंश ती लेकराला देणार कुठून? तिचं प्रत्येक मूल निदान पिवळ्या कार्डाचं तरी निघणारच. सृष्टीच्या रक्तात दोषाचा लवलेश नव्हता, आणि ती करिश्माच्या पोटची होती, तसा दाखला पेटीत होता. म्हणजे करिश्मा लाल कार्डाची असूच शकत नव्हती. मग मस्कतचं मशीन काहीही सांगो.

आणि हा पुरावा तिच्या हातात आणून दिला होता तो अन्नपूर्णेच्या मायेने. मिरवायला आणला होता तिने!

पण रंजीताने लगेच फोन लावला नाही. सीताफळाखाली, रेंज असलेल्या त्या एवढ्याशा जागेत, ती मोबाइल हातात धरून उभी राहिली. शाळेच्या कार्डाकडे कंपनीतलं कोणी बघणार नव्हतं. रोशनला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तिने नुसतं लिहायचं होतं, 'पिवळे कार्ड आढळले नाही.' ते खरंच होतं. एक अक्षर खोटं लिहायची गरज नव्हती. महिन्याभरात करिश्मा काठी टेकत ह्याच अंगणात उतरली असती, आणि समुद्राचे फोटो कायमचे बंद झाले असते.

ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. शेवटी तिने फोन लावला.

५

फोन रोशनला लावला होता; कालच्या प्रकारानंतर तो मोबाइल बांधीतही खिशात घेऊन जात होता, आणि तिथे रेंज होती. "पोरीले शाळेतून घ्या अन् चंद्रपूरले या. मोठ्या लॅबमधे तिचं रक्त द्यायचं हाय. आज म्हंजे आजच." शाळेच्या कार्डावर परदेशी कंपनीचं भागायचं नाही, पक्का रिपोर्ट हवा होता.

रोशन मुलीला घेऊन निघून गेला, दसरू आणि सोनीबाई बांधीत. अंगणात दोघीच उरल्या.

"पोरीले कुठी नेलं?" अन्नपूर्णेने विचारलं.

"रक्त तपासायले. तुम्हीच दाखवलं न ते कार्ड, त्याच्यावरूनच करिश्मा सुटन." रंजीताने तिला सगळं समजावून सांगितलं, अगदी सावकाश, अंश आणि हिशोबासकट. अन्नपूर्णा ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. "आता ते लाल कार्ड कोणाचं, ते तुम्ही सांगता का मी सांगू?"

"मले काय माहीत?"

"ज्याचं हाय तो ते घडी करून लपवते. घरात माहीत नाई म्हणून गावात नोंद नाई. दर महिन्याले दुसऱ्या गावी जाऊन गोळ्या आणते, तिथं माहेर हाय म्हणून कोणाले शंका येत नाई. थंडीत बांधीत उतरत नाई. सोमवारी दहाले घरी असते. मोबाइल कुठी टांगते ते माहीत असते, अन् पेटीबी उघडता येते. अशी एकच बाई हाय इथी."

अन्नपूर्णेने तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. मग तिने कमरेची पिशवी काढली आणि त्यातून चार घड्यांचा लाल कागद उलगडून रंजीताच्या पुढे ठेवला. नावाच्या जागी चिठ्ठीचा डिंक अजून चिकटलेला होता. खाली धूसर अक्षरांत तिचंच नाव होतं.

"बापानं लपवलं लग्नात," ती म्हणाली. "ह्यांनी कार्ड मागितलं तवा माह्या बहिणीचं दाखवलं. दोनदा राह्यलं पोटात, दोनदा गेलं. डॉक्टर म्हणे, पुन्हा नको, तू वाचनार नाई. घरात समजले, बाई वांझ हाय. मी म्हटलं, समजू द्या. मंग सृष्टी आली माह्या मांडीवर."

"मग आता काऊन?"

"तिनं फॉर्म पाठवला न. मोबाइलवर मीच पाह्यला. तिच्या विम्यात पोरीचं नाव टाकून राह्यली. विमा झाला की तिथी राहायचा परवाना, परवाना झाला की एप्रिलात घेऊन जाईन म्हणे. सहा वर्सं मी केलं, अन् ती एक कागद भरून नेते!" तिचा आवाज चिरकला. "तिचा पाय मोडला ते मी नाई केलं. ती मरावी असं कवाच नाई वाटलं. मले वाटलं, विमा रद्द झाला त ती वापस येईन. ती आली त पोट्टी इथीच राहीन. त्या फॉर्मवर कंपनीचा नंबर होता."

रंजीताकडे शिव्या होत्या, नीतीचं भाषणही होतं. पण तोंड उघडायचं तर मघाशी आपण सीताफळाखाली उभ्या होतो ते आठवलं, आणि तिने लाल कागद उचलून पुन्हा त्याच चार घड्या घातल्या.

"मॅडम," अन्नपूर्णेने हळूच विचारलं, "त्या विम्यात माह्यं नाव नाई बसत काय? पोरीसंगं जायाले? मी तिथी स्वैपाक करीन, काहीबी करीन."

रंजीताने कंपनीचा फॉर्म मोबाइलवर उघडून बघितला. नवरा चालत होता, मुलं चालत होती. जाऊबाईला जागा नव्हती. आणि पहिलाच प्रश्न होता, रक्ताचा आनुवंशिक आजार आहे का.

"नाही बसत," ती म्हणाली.

अन्नपूर्णा रडली नाही. तिने पदराने तोंड पुसलं. "करिश्माबाईले मीच सांगीन. लावा फोन."

६

फोन लागला. अन्नपूर्णेने सगळं सांगितलं, मधे न थांबता, बापापासून चिठ्ठीच्या डिंकापर्यंत, आणि पिवळं कार्ड चुलीत घातलं तेही. रंजीताला वाटलं, आता फुटणार. आणि फुटलं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

"बाई," करिश्मा शेवटी म्हणाली, "नुसत्या फॉलिकच्या गोळ्या घेऊन राह्यल्या काय तुम्ही? दुसरी कोणती नाई?"

"पांढरी पिवळी देतात. मले नाव नाई माहीत."

"खुबा दुखते?"

"डावा. दोन वर्सं झाली."

"अन् मी दरवर्षी वीस दिवस त्या घरात राह्यली. नर्स असून." करिश्मा रडत होती, का रागावली होती, ते कळत नव्हतं. बहुतेक दोन्ही. "चंद्रपूरले दाखवा. पुढच्याच आठवड्यात. भाऊजीले मी सांगीन, ते काहीच म्हणणार नाई. अन् ऐका. सृष्टीले मी नेणार. एप्रिलातच. ते बदलणार नाई. तुम्ही माह्यासंगं जे केलं, ते मी विसरीन असंबी समजू नका."

"हो," अन्नपूर्णा म्हणाली. तिला दुसरं काय म्हणता येणार होतं?

दोन दिवसांनी लॅबचा रिपोर्ट आला. सृष्टीचं रक्त स्वच्छ. रंजीताने तो जन्माच्या दाखल्यासकट पाठवला आणि अहवालात लिहिलं, की लाल कार्ड विमाधारकाचं नाही आणि असूही शकत नाही. कार्ड कोणाचं, असा रकाना होता. तिथे तिने लिहिलं, गावातल्या एका आजारी स्त्रीचं. नाव दाव्याशी संबंधित नाही. अगदी शेवटी, जे पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं तेही लिहिलं: विमाधारक माझ्या ओळखीची आहे. त्याबद्दल एजन्सीने तिला दोन महिने काम दिलं नाही.

कंपनीच्या डॉक्टरने तो हिशोब एका तासात मान्य केला. ऑपरेशन झालं.

ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी करिश्माचा व्हिडिओ कॉल आला. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, मागे खिडकी.

"एक विचारू?" ती म्हणाली. "तुले पाठवलं असं कळलं तवा मी सारी रात नाई झोपली. म्हटलं, आता आपण संपलो. मी तुझ्या जागी असती त मी नसतं सोडवलं तुले. तू काऊन सोडवलं?"

रंजीता बाजारातल्या एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकली.

"मले नव्हतं सोडवायचं," ती म्हणाली. "कार्ड तुझंच निघावं असं वाटत होतं, अन् ते खूप वेळ वाटत होतं. पण पोरीचं कार्ड हातात आल्यावर, न पाह्यल्यासारखं करणं जमलं नाई. आनंद झाला असं मात्र नाई म्हणत मी."

"नको म्हणू." करिश्मा दमून हसली. "थांब, फोन ठेवू नको. आज पहिल्यांदा उभं करून राह्यले मले."

दोन नर्सांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं. तिने दात आवळले, पलंगाची कड सोडली आणि ती उभी राहिली. मागच्या खिडकीतून समुद्राची एक निळी पट्टी दिसत होती. रंजीताच्या पोटात दुखलंच, नेहमीसारखं, नेमकं त्याच जागी. पण करिश्माने पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसऱ्याला ती लटपटली, आणि रंजीता भर बाजारात मोबाइलवर ओरडली, "उजवा नाई, आधी डावा टाक, डावा!"

करिश्माने डावा टाकला.